सख्ख्याहून सख्खी

आमच्या कचेरीत मला चौकशीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे पाठीमागे काय म्हणत असतील याची चौकशी मी करत नाही. कॅन्सर ज्या घरांत एकदा येऊन थांबत नाही, आईला होतो, मग मुलीला, मग भाचीला, अशा घरांची वंशावळ काढायची हे माझं काम. सव्वीस वर्षं झाली. कागदावर बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, आजारी माणूस काळा भरायचा, गेलेल्यावर तिरकी रेघ मारायची. सगळं पेन्सिलीने, कारण लोक सोमवारी एक काका सांगतात आणि गुरुवारी फोन करून दुसरा.

खालच्या मजल्यावर रक्त तपासतात. जनुक म्हणजे लांबलचक मजकूर, त्यात कधी एखादं अक्षर बदललेलं सापडतं. ते अक्षर घातक की नुसताच मुद्रणदोष, हे एका घरावरून ठरत नाही. म्हणून नऊ देशांतली एकोणीस केंद्रं आपापल्या वंशावळी एकत्र मांडतात. आजारी माणसांत ते अक्षर सापडत गेलं तर ते घातक. आजारी माणसात ते नसेलच, तर त्याच्यावरचा आळ तेवढा कमी. तत्त्व सोपं आहे. फक्त कोण कोणाचं कोण हे बरोबर लागतं, आणि ते सांगणारी मी.

त्या मंगळवारी साडेदहाला मी नवा चष्मा लावून बसले होते. चष्मा भेट मिळालेला होता. पाच आठवड्यांपूर्वी आमच्या केंद्राने एका बाईला पत्र पाठवलं होतं, की तुमच्या घरातला बदल बहुधा निरुपद्रवी आहे, काळजी नसावी. ही बाई अडतीस वर्षांची, तिचं चष्म्याचं दुकान आहे. तिची आई अंडाशयाच्या कॅन्सरने गेली, आजी गेली, परदेशातल्या मामाची मुलगी अडतिसाव्याच वर्षी गेली. बदललेलं अक्षर हिच्यातही होतं, म्हणून अंडाशय आणि बीजनळ्या काढून टाकायची तारीखही ठरली होती. आमचं पत्र मिळालं आणि तिने शस्त्रक्रिया रद्द केली. दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन माझे डोळे तपासून गेली आणि आठवड्याने चष्मा हातात ठेवला. "चार वर्षांत पहिल्यांदा नीट झोपले, ताई," म्हणाली.

तर तोच चष्मा लावून मी आकडेशास्त्रींचं पत्र वाचलं. आकडेशास्त्री हे आम्ही ठेवलेलं नाव. हा गृहस्थ समुद्रापलीकडच्या केंद्रात बसून सगळ्यांच्या वंशावळींचं गणित करतो, आणि त्या मामाची नोंद त्याच्याच केंद्रात झाली होती. त्याने लिहिलं होतं: "किरकोळ विसंगती आहे. आमच्याकडच्या वृद्ध गृहस्थांनी एकच बहीण सांगितली आहे. तुमच्या कागदावर त्यांना दोन बहिणी आहेत. दोन वंशावळी जोडताना संगणक जास्त भरलेली खरी धरतो, त्यामुळे तुमची धरली गेली. म्हातारा विसरला असेल. लेख छापायला जायच्या आत तेवढं जुळवून द्या."

म्हाताऱ्या माणसांना चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, बहिणी किती ते आठवतं. सव्वीस वर्षांत बहीण विसरलेला भाऊ मी पाहिलेला नाही. बहिणीशी न बोलणारे पुष्कळ पाहिले. हा मामाही हिच्या आईशी बोलत नव्हता, बहिणीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून. पण न बोलणारासुद्धा तिचा जन्म कोणत्या साली ते बरोबर सांगतो.

मी कपाटातून मूळ कागद काढला. मामाचा चौकोन, आईचा काळा गोल, त्यावर तिरकी रेघ. आणि तिच्या शेजारी, त्याच आडव्या रेघेला लटकलेला, दुसरा काळा गोल: मावशी. चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन्ही स्तनांचा कॅन्सर. हयात. बदल नाही.

या गोलामुळेच सगळं ठरलं होतं. हे अक्षर एकूण आठ घरांत होतं. सात घरांत आजार आणि अक्षर हातात हात घालून फिरत होते, पण ती घरं लहान, दोन-दोन तीन-तीन माणसांची. आमच्या केंद्रातलं हे घर मोठं, त्याचं वजन जास्त, आणि त्यात ही मावशी: इतक्या तरुणपणी, दोन्ही बाजूंना, आणि अक्षर नाहीच. काटा निरुपद्रवीकडे झुकला तो तिच्या वजनाने. आता ती जर बहीण नसेलच, तर तिच्यात ते अक्षर असायचा प्रश्नच कुठे येतो? रक्तावरून हे आम्हाला आपोआप कळलं नसतं. आम्ही अख्खं पुस्तक वाचत नाही, ठरावीक तीस पानं वाचतो, आणि त्यावरून बहिणी ओळखू येत नाहीत.

कागदाच्या कडेला माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "सख्खी". आणि ते कसं लिहिलं गेलं ते मला लख्ख आठवलं.

माझा नियम आहे, प्रत्येकाला वेगळं बसवून विचारायचं. अकरा जणांना मी हे शिकवलंय. आपल्या भाषेचं मला फार कौतुक. सगळ्या केंद्रांच्या संयुक्त अर्जावर सगळ्या आत्या, मावश्या, काकू, माम्या एकाच रकान्यात कोंबलेल्या असतात, आणि मी बैठकीत ऐटीत सांगत असे, की आमच्याकडे ही भानगड नाही, मावशी म्हटलं की आईची बहीण, विषय संपला. हे सांगताना मी सोयीस्करपणे विसरत असे, की कचेरी झाडणारीलाही मी मावशीच म्हणते.

चार वर्षांपूर्वी ही चष्मेवाली पोरगी आणि तिची मावशी, दोघी एकत्र आल्या. दुकान बंद ठेवून आल्या होत्या, घाईत होत्या. दोघींचं हसणं एकसारखं, आधी खांदे हलायचे आणि मग आवाज यायचा. मी विचारलं, "सख्खी मावशी ना?" आणि पोरगी हसून म्हणाली, "सख्ख्याहून सख्खी!" मावशींनी मान खाली घालून पर्समधलं काहीतरी शोधायला घेतलं. आणि मी, अकरा जणांची गुरू, मी लिहिलं: सख्खी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल चार वर्षं रिकामा फिरत होता.

आमच्या प्रमुख डॉक्टर, मोठ्या मॅडम, यांच्यापुढे मी कागद ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"चौकशीबाई, खात्री आहे?"

"नाही. म्हणून तर तोंडचं पाणी पळालंय."

"त्या बाईची शेवटची सोनोग्राफी कधी झाली?"

"पत्राच्या आधी. डाव्या बाजूला काहीतरी अस्पष्ट दिसलं होतं. पुढे बदल निरुपद्रवी ठरला म्हणून वर्षाने पाहू, असं लिहिलंय."

मॅडम खिडकीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्या खिडकीजवळ गेल्या की आम्ही समजतो काय ते. "भाचीला तुम्ही काही सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "मावशी कोण आहे हे मावशीचं गुपित आहे, आपलं नाही. तिच्याकडून लेखी आणा. मगच गणित पुन्हा करता येईल. आणि लवकर."

लवकर, हे त्यांनी सांगायला नको होतं. मी बसमध्ये उभीच राहिले, जागा असूनही. डोक्यात एकच: डाव्या बाजूला अस्पष्ट, वर्षाने पाहू.

मावशी दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात. आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली, एकाहत्तराव्या वर्षीही एका प्रकाशकाची तपासतात. टेबलावर कागदांचा गठ्ठा, शेजारी लाल पेन, पट्टी आणि भिंग. मला पाहून त्या दचकल्या नाहीत. "बसा, एवढं पान संपवते," म्हणाल्या. मला कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून मी त्यांचा हात पाहत राहिले. त्यांनी एक शब्द लाल रेघेने खोडला, थांबल्या, आणि मग त्या खोडलेल्या शब्दाखाली ओळीने बारीक टिंबं देत गेल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"खोडलं, पण मूळचंच बरोबर होतं. खाली टिंबं दिली की खोडलेलं परत जिवंत. आहे तसंच राहू द्या म्हणायचं, खिळे जुळवणाऱ्याला." त्या हसल्या, आधी खांदे हलले. भाचीला त्या बबडी म्हणत. "बबडीला अक्षरं यायच्या आधी ही टिंबं यायची. चार वर्षांची होती. मी खोडलेलं सगळं ती जिवंत करून ठेवायची. एकदा अख्ख्या भूगोलाच्या पुस्तकातल्या चुका तशाच छापून आल्या असत्या. मालकांनी मला उभं केलं होतं त्यावरून."

मी हसले नाही. मला हसता येईना.

"मावशी," मी म्हणाले, "तुम्ही तिच्या आईच्या बहीण आहात का?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. बराच वेळ लावतच होत्या.

"तिच्या मामाने सांगितलं?"

"त्यांनी फक्त सांगितलं की मला एक बहीण."

"खरंच आहे. एकच होती त्याला."

मग त्यांनी सांगितलं, आणि माझ्यासारखीला जे सांगायला लोक तीन-तीन फेऱ्या लावतात ते त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं. बबडीची आई एकोणीस वर्षांची, या तेवीसच्या, दोघी एकाच छापखान्यात. आई बांधणीत, या प्रुफांवर. दोघींना मिळून खोली हवी होती आणि घरमालक म्हणाला, परक्या मुलींना देणार नाही, उद्या दोघी भांडाल आणि भाडं बुडवाल. म्हणून दोघींनी सांगितलं, आम्ही बहिणी. "तिथून जे सुरू झालं ते झालं," मावशी म्हणाल्या. "तिचं लग्न झालं, नवरा गेला, बबडी झाली, मी होतेच. पुढे ती आजारी पडली. दवाखान्यात आत फक्त नातेवाइकांना सोडायचे. मी अर्जावर लिहिलं, सख्खी बहीण. कोणी विचारलं नाही. शेवटच्या आठवड्यात तिने हात धरून सांगितलं, माझ्या मागे तिला एकटं वाटता कामा नये, कधी सांगू नकोस. वीस वर्षांची होती पोर. मी म्हटलं, नाही सांगणार."

"आणि आमच्याकडे रक्त दिलंत ते?"

"मला वाटलं, तिच्या उपयोगी पडेल. मला तर झालाच होता आजार. म्हटलं, बघू देत माझंही." मग माझ्याकडे बघत, चोख प्रुफवाचकाच्या आवाजात, "तुम्ही सख्खी लिहिलंत ते मला उलटं दिसत होतं टेबलावर. मी उलटं वाचते, छापखान्याची सवय. चूक दिसली. सोडली."

मग मी त्यांना सगळं समजावलं. हे समजावणं माझं रोजचं काम आहे. तुमच्या गोलामुळे काटा फिरला. ते अक्षर कदाचित निरुपद्रवी नाही. तिने शस्त्रक्रिया रद्द केली ती तुमच्या रक्ताच्या भरवशावर.

त्या बाई जन्मभर एका अनुस्वारासाठी जुळवणाऱ्यांशी भांडल्या होत्या. त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे मी तिची सख्खी आहे, म्हणून ती मरेल," त्या म्हणाल्या.

"असं नका म्हणू."

"मग कसं म्हणू? दुसरा शब्द सांगा."

मी लेखी कागद पुढे केला. त्यांनी वाचला, त्यातली माझी एक वेलांटी दुरुस्त केली आणि सही केली. मग म्हणाल्या, "तुम्ही तिला नुसतं कळवाल की निर्णय मागे घेतलाय. ती का म्हणून विचारेल, तुम्ही सांगणार नाही. मग ती महिनाभर जीव जाळत बसेल. नको. चपला घाला. मीच सांगते, आत्ता."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या बाजूला डोळे तपासायची अरुंद, अंधारी खोली आहे. उंच खुर्ची, समोर उजेडात अक्षरांची पाटी, वर मोठं, खाली बारीक होत गेलेलं. मावशींना पाहून पोरगी खूश झाली. "आलीस एकदाची! वर्षभर सांगतेय नंबर तपासून घे. बस. आणि ताई, तुम्ही कुठे भेटलात हिला?" उत्तराची वाट न बघता तिने मावशींना खुर्चीत बसवलं, नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली, दिवा घालवला.

"खालची ओळ वाच."

"बबडे, मी तुझ्या आईची बहीण नाही."

"मग काय, भाऊ?" पोरगी भिंगं बदलत होती. "वाच ना."

"सख्खी नाही, चुलत नाही, लांबची नाही. आम्ही एका खोलीत राहायचो. घरमालकासाठी बहिणी झालो होतो. माझ्या रक्तात ते अक्षर नाही, कारण तुमचं रक्त माझ्यात नाहीच. माझ्यामुळे यांचं गणित चुकलं. तुला ते ऑपरेशन करावं लागेल."

दिवा कोणी लावला ते आठवत नाही. बहुतेक मीच लावला. पोरगी हातात भिंग घेऊन उभी होती. तिने आधी मावशींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझा चेहरा पाहून तिला कळलं की ही थट्टा नाही. मावशी चौकट नाकावर तशीच ठेवून बसल्या होत्या, एका डोळ्यावर काळी झाकणी.

"माझ्या लग्नपत्रिकेत अनुस्वार राहिला म्हणून तू तीनशे पत्रिका परत छापायला लावल्यास," पोरगी म्हणाली. आवाज अगदी बारीक. "आणि ही चूक सोडलीस? अठरा वर्षं?"

"तुझ्या आईला शब्द दिला होता."

"आई मेली कशाने? सांग ना, कशाने मेली? आणि मी कशाने मरायचं ठरलं होतं, शब्दाने?" मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही? तुम्हाला पगार कशाचा मिळतो?"

सव्वीस वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी तिला म्हणाले, चूक माझी आहे, यांची नाही, मी एकटीला बसवून विचारलं असतं तर यांनी सांगितलं असतं. ते खरं होतं की नाही कोण जाणे. पोरगी म्हणाली, "दोघी जा आता. माझ्या दुकानातून जा." मावशींनी चौकट काढून, घडी करून, जागच्या जागी ठेवली.

पुढचे नऊ दिवस मला कसे गेले ते विचारू नका. मी मूळ कागदावरची ती रेघ खोडली. रबराने खोडलेली पेन्सिल पूर्ण जात नाही, कागदावर तिचा माग राहतो. मावशींचा काळा गोल कोणालाच न जोडलेला, कागदाच्या कोपऱ्यात एकटा पडला. आकडेशास्त्रींनी गणित पुन्हा मांडायला घेतलं. एकोणीस केंद्रांची संमती हवी, कुणी सुट्टीवर, कुणाला शंका. इकडे पोरगी कोणाचा फोन घेईना. तिचा नवरा जहाजावर, घरी सात वर्षांची मुलगी. मला धास्ती, की ती रागाच्या भरात तपासणीलाच यायची नाही. आणि रोज दुपारी दोनला माझा फोन वाजायचा. मावशी.

"काही कळलं का?"

"अजून नाही."

"ती आली होती का तुमच्याकडे?"

"नाही."

"बरं." आणि फोन ठेवायच्या. नऊ दिवस, एक शब्द इकडचा तिकडे नाही. सातव्या दिवशी मीच त्यांच्यावर खेकसले, की कळलं की मी सांगेन ना, रोज काय! आठव्या दिवशी पुन्हा दोनला फोन वाजला, आणि मी दीडपासून त्याचीच वाट पाहत होते.

दहाव्या दिवशी पडद्यावर बैठक झाली, एकोणीस चौकटींत एकोणीस चेहरे. मला सगळ्यांपुढे सांगावं लागलं. 'सख्ख्याहून सख्खी' हे त्यांच्या भाषेत सांगताना माझी पुरती फजिती झाली; "म्हणजे सख्खीच ना?" असं तिघांनी विचारलं. शेवटी आकडेशास्त्रींनी नवा आकडा वाचला. काटा पुरता उलटा गेला होता. आता शंका नव्हती. आठही घरांतल्या बायांना त्याच संध्याकाळी फोन गेले. आमच्या घराला फोन मोठ्या मॅडमनी केला, आणि पोरगीने तो पहिल्या घंटीला उचलला. म्हणजे तीही वाट पाहतच होती. तारीख मिळाली ती बारा दिवसांनंतरची.

मला गोष्ट ताणायची सवय नाही, म्हणून आधीच सांगते. जे काढलं त्यात, डाव्या बीजनळीच्या टोकाला, कॅन्सरची सुरुवात सापडली. तांदळाच्या कणीएवढी. कुठे पसरलेली नव्हती. मॅडम अहवाल वाचून म्हणाल्या, "वर्षाने पाहिलं असतं तर." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि मी करायला सांगितलं नाही. पुढे औषधं झाली, तपासण्या चालू आहेत, दुकान उघडं आहे. मला अजूनही मधूनच दचकायला होतं, बसमध्ये, भांडी घासताना: तो म्हातारा खरंच विसराळू असता तर?

पण मला सांगायचंय ते शस्त्रक्रियेच्या सकाळचं.

मी सातलाच दवाखान्यात जाऊन बसले होते. माझं तिथे काही काम नव्हतं. भरतीच्या खिडकीपुढे बाकांच्या तीन रांगा. पोरगी आली, हिरवा झगा घालून चाकाच्या खुर्चीत बसली. माझ्याकडे पाहून मान हलवली, बोलली नाही. तेवढ्यानेही मला बरं वाटलं. शेवटच्या बाकावर, दाराशी, मावशी बसल्या होत्या. मांडीवर पिशवी. कोणी बोलावलं नव्हतं. पोरगीने त्यांना पाहिलं आणि तोंड फिरवलं.

खिडकीतला कारकून म्हणाला, "पेशंटबरोबर कोण आहे? नातेवाइकाची सही लागेल."

"मीच करते," पोरगी म्हणाली.

"तुमची वेगळी. नातेवाईक हवा. कोणीच आलं नाही का?"

मी उठायच्या बेतात होते, पण मी काय लिहिणार, चौकशीबाई? एवढ्यात मावशी उठल्या, सावकाश पुढे आल्या आणि खिडकीतून अर्ज घेतला. उभ्याउभ्याच, त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहीत गेल्या. नाव. पत्ता. वय. मग 'रुग्णाशी नाते'. हात सवयीने चालला होता; त्यांनी लिहिलं, सख्खी मावशी. आणि थांबल्या.

मी शेजारीच होते, मला दिसत होतं. त्यांनी 'सख्खी' या शब्दावरून एक सरळ रेघ मारली. जरा वेळाने तीच रेघ 'मावशी'वरूनही पुढे नेली. मग पेन तसंच धरून उभ्या राहिल्या. पुढे काय लिहायचं ते त्यांना सुचत नव्हतं, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू तो शब्द माझ्याकडे असायला हवा. मी खाली बघितलं.

"आण इकडे," पोरगी म्हणाली.

मावशींनी अर्ज दिला. पोरगीने तो झग्यावरच, मांडीवर धरला. वाचला. तिचे खांदे हलायला लागले, आणि क्षणभर मला वाटलं ती हसतेय. मग तिने पेन मागून घेतलं. खोडलेल्या 'सख्खी'खाली एक टिंब दिलं. शेजारी दुसरं. मग तिसरं. अशी ती 'मावशी'च्या वेलांटीच्या टोकापर्यंत गेली, एकही अक्षर न सोडता, आणि अर्ज परत मावशींच्या हातात दिला.

"सही कर," म्हणाली. "उशीर होतोय त्यांना."

मावशींनी सही केली. पहिल्यांदाच त्यांचं अक्षर वेडंवाकडं आलेलं मी पाहिलं. कारकुनाने अर्ज घेतला, जवळ धरला, लांब धरला.

"अहो, हे खोडलंय की ठेवलंय? खाली टिंबं कसली ही? मी काय वाचायचं?"

"आहे तसंच," मावशी म्हणाल्या.